अंगावरचं कापड कुणाचं?

आमच्या गिरणीत दिवाळीला बोनस नाही. मिठाईचा पुडा मिळतो, पाच किलो कणी मिळते, आणि शेठच्या घरची कपाटं आवरून झाली असली तर एखादा जुना कपडा. भाताची गिरणी आहे, पेणची. मी भरडाईवर, बाप माझ्या आधीपासून हमालीवर. मागच्या दिवाळीत मुकादमानं हातात पिशवी दिली. वर कणी, खाली शर्ट. शर्ट चांगला होता. खोटं कशाला बोलू. कॉलर जराशी झिजलेली आणि खिशावर कुठल्यातरी कंपनीचं नाव विणलेलं, बाकी धड. मी कणी घेतली आणि शर्ट गोण्यांच्या थप्पीवर ठेवून निघून आलो.

संध्याकाळी बाप घरी आला. अंगात तोच शर्ट.

"तू कनी घेतलीस नि शर्ट टाकलास," बाप म्हणाला. "कनी पन त्यांचीच ना रं बाला? ह्ये कनचं शहानपन?"

मला उत्तर आलं नाही. मी कविता लिहितो. जयंतीला वस्तीत माईक हातात आला की सोडत नाही. पण बापाच्या एका वाक्यापुढं गप्प बसलो. आई चुलीपुढं हसली. तेव्हापासून हे डोक्यात आहे. हा लेख म्हणजे बापाला द्यायच्या उत्तराची जुळवाजुळव आहे, दुसरं काही नाही. तुम्हाला पटलं नाही तर अंकाच्या पत्त्यावर लिहा, शिव्या दिल्या तरी चालतील.

पहिल्यांदा मी मनुस्मृती काढून बघितली. आपण जाळली म्हणून वाचायची नाही असं थोडंच आहे? बाबासाहेबांनी वाचून जाळली. दहाव्या अध्यायात १२५ वा श्लोक आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावं, त्याची यादी. उष्टं अन्न द्यावं, जुने कपडे द्यावेत, धान्यातलं पोचट द्यावं, घरातलं जुनंपानं सामान द्यावं. दोस्तांनो, मी ही ओळ वाचली तेव्हा माझ्या मांडीशी पाच किलोची पिशवी होती. धान्यातलं पोचट! शेठनं मनू वाचलेला नाही, मला खात्री आहे, तो हिशेबाच्या वहीखेरीज काही वाचत नाही. न वाचता तो बरोबर तेच देतो. पुस्तक जाळून झालं, पण ती यादी दिवाळीच्या पिशवीत अजून शिल्लक आहे.

हे झालं शूद्राचं. आपण तर त्याच्याही खाली. त्याच अध्यायात ५२ वा श्लोक चांडाळांसाठी आहे. त्यांनी मढ्यावरचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात खावं, दागिने लोखंडाचे घालावेत आणि सारखं भटकत राहावं. पुढं ५५ व्यात म्हटलंय की दिवसा कामासाठी गावात आलेच तर राजानं ठरवलेली खूण अंगावर असावी.

यातल्या एका गोष्टीवर मी कितीतरी दिवस अडून बसलो. लोखंडाचे दागिने. ज्याला गावाबाहेर हाकलायचं, ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याला दागिना कशाला? तो उघडाच का नाही ठेवला? मग गिरणीत अंघोळीच्या वेळी डोक्यात उजेड पडला. सुटी झाली की हापशावर आम्ही सगळे तूस-कोंडा धुतो. आगरी आहे, कुणबी आहे, एक बिहारकडचा आहे, मी आहे. अंगावर चड्डी फक्त. तिथं कुणाला सांगता येणार नाही की ह्यातला कोण कोण. अंगाला जात नाही. नागडा माणूस बघून कुणाची जात ओळखता येत नाही, हीच तर मनूची पंचाईत होती. म्हणून त्यानं कपडा दिला, दागिना दिला. अब्रू झाकायला दिला नाही, ओळख पटवायला दिला.

त्यानंतर मग बाकीच्या गोष्टींचा अर्थ लागत गेला. बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये पेशवाईतल्या मनगटावरच्या काळ्या दोऱ्याचं, पुण्यातल्या कमरेच्या झाडूचं नि गळ्यातल्या मडक्याचं लिहिलेलं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच पुस्तकात इंदूरकडच्या बलाई लोकांचं आहे, ते आपण घाईनं वाचून पुढं जातो. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलायांना कलमं घालून दिली. जरीकाठी पागोटं घालायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नटवे घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. म्हणजे १९२७ च्या डिसेंबरात आपण महाडला मनुस्मृती जाळत होतो आणि त्यानंतर काही दिवसांतच तिकडं काठाच्या रंगावरून माणसांना गावातून उठवायची तयारी चालली होती. तिकडं खाली तमिळ मुलखात, रामनाडला, १९३० साली कल्लर लोकांनी आदिद्रविडांना आठ बंद्या घातल्या. सोनंचांदी नको, पुरुषाचा कपडा गुडघ्याच्या खाली नको, बाईनं छाती झाकायची नाही. त्रावणकोरात तर नाडार बायांना अंग झाकायचा हक्क मिळवायला १८५९ साल उजाडावं लागलं, आणि त्याआधी कित्येक वर्षं मारामाऱ्या, जाळपोळ.

कुणी म्हणेल, जुनं झालं. मग कायदा बघा. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात, ज्याला पुढं नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणू लागले, चौथ्या कलमात दागदागिने आणि चांगलेचुंगले कपडे वापरण्याचा हक्क लिहावा लागला. तेही बरं, तेव्हा स्वातंत्र्य नवीन होतं. पण २०१५ साली अॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यात काय आहे? अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी वहाणा घालायला किंवा नवे कपडे घालायला अडवलं तर गुन्हा. वरातीत घोड्यावर बसायला अडवलं तर गुन्हा. नवे कपडे! माणूस चंद्रावर जाऊन येऊन पन्नास वर्षं झाली, नि या देशाच्या संसदेला कायद्यात वहाणा लिहाव्या लागल्या. कायदा हवेतून येत नाही. कुणालातरी अडवलेलं असतं, तेव्हा ते शब्द कागदावर येतात.

आता थोडं लांबचं सांगतो. पेणच्या रद्दीवाल्याकडं मला रोमच्या इतिहासाचं एक पुस्तक मिळालं, पाठीमागची पानं गेलेलं. बाबासाहेबांनी रोमच्या गुलामांची आणि अस्पृश्यांची तुलना केलेली आहे, म्हणून उचललं. तिथंही कपड्याचा केवढा पसारा! टोगा नावाचं भलंमोठं लोकरीचं वस्त्र, ते फक्त नागरिकानं पांघरायचं. सिनेटरच्या अंगरख्याला रुंद जांभळा पट्टा, त्याच्या खालच्या दर्जाच्या श्रीमंताला अरुंद पट्टा. जांभळा रंग समुद्रातल्या शिंपल्यांतून काढत, मूठभर रंगाला हजारो शिंपले. सिनेटरचे बूट वेगळे. सोन्याची अंगठी अमक्यालाच. बायकांवरही बंदी होती. ख्रिस्तपूर्व २१५ मध्ये, युद्ध चालू असताना, बाईनं अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगू नये आणि रंगीत भपकेबाज कपडे घालू नयेत असा कायदा केला. वीस वर्षांनी, ख्रिस्तपूर्व १९५ मध्ये, बाया रस्त्यावर आल्या, पुढाऱ्यांच्या वाटा अडवल्या आणि तो कायदा रद्द करून घेतला. केटो नावाचा मोठा पुढारी विरोधात गळा काढून बोलला, पण बाया हटल्या नाहीत. मला त्या बाया आवडल्या. त्या श्रीमंतांच्या होत्या हे खरं, त्यांच्या दासी त्या मोर्चात काय नेसून उभ्या होत्या ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पण ज्यासाठी रोम काढलं ती गोष्ट पुढं आहे. सेनेका नावाचा तत्त्ववेत्ता होता, नीरो बादशहाचा मास्तर. तो सांगतो की एकदा सिनेटमध्ये ठराव आला. गुलामांना वेगळा पोशाख द्यावा, म्हणजे स्वतंत्र माणूस कोण आणि गुलाम कोण हे रस्त्यात ओळखू येईल. ठराव चांगला वाटला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की उद्या गुलामांनी आपल्याला मोजायला सुरुवात केली तर? एकसारखे कपडे घातले की त्यांना कळेल आपण किती आहोत आणि हे किती. ठराव बारगळला. पळून जाणाऱ्या एखाद्या गुलामाच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालत, त्यावर याला धरा, मालकाकडं परत न्या असं कोरलेलं असे. पण सगळ्यांना मिळून एक खूण? ते धाडस रोमच्या सिनेटला झालं नाही. सबंध दुनिया जिंकलेले लोक, गुलामांनी डोकी मोजतील म्हणून घाबरले.

आणि आपल्याकडचे घाबरले नाहीत. का नाही घाबरले? इथंच सगळं गुपित आहे. इथं सगळ्यांना मिळून एक खूण कधी दिलीच नाही. महाराला काठी नि घोंगडी, दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला तिसरं. ह्याचं लुगडं इथवर, तिचं तिथवर. हिचं काकण कथलाचं, तिचं पितळेचं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती कपाटात घडी घालून ठेवली तर तिचे असे कपडे होतात. रस्त्यावर माणसं निघाली तर प्रत्येकाला आपल्यासारखे दहाच दिसणार, बाकीचे परके. आणि प्रत्येकाला कुणीतरी आपल्यापेक्षा खालच्या कपड्यातला दिसणार, म्हणून जीव थंड. रोमनं खूण द्यायचं टाळून मोजणी चुकवली. आपल्याकडं शंभर खुणा देऊन चुकवली. ह्यातलं जास्त हुशार कोण ते तुम्ही ठरवा.

महाडकडं येतो. मी रोह्याचा म्हणायला हरकत नाही, आईचं माहेर तिकडं, आणि आजीची सासू, म्हणजे माझी पणजी, तीही रोह्याच्या बाजूची. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. कोलाड, माणगाव, मग महाड. पणजी महाडला गेली नव्हती, उगीच मोठेपणा घेत नाही. तिच्या वाडीतले पुरुष गेले होते, दोघी-तिघी बायाही. डिसेंबर १९२७ ची परिषद संपत असताना बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. तुमच्या नेसण्यावरून, तुमच्या दागिन्यांवरून तुम्ही ओळखू येता, ती ओळख पुसा, असा त्या बोलण्याचा गाभा. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, स्पृश्य बाया नेसतात तसं खालपर्यंत नेसा. कथलाचे, चांदीचे ते ढीगभर गोठ, गळसऱ्या काढून ठेवा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, त्या पैशाचं धड कापड घ्या. बायांनी तिथल्या तिथं नेसणं बदललं. बातमी वाड्यावाड्यांत पोचली. पणजीनं हातातले कथलाचे गोठ काढले आणि उतरंडीच्या तळच्या मडक्यात टाकले. तिचा नवरा हसला, दोन्ही हात हलके लागत असतील नाय, म्हणून. ते गोठ आजीकडं आले. मी हातात घेऊन बघितलेत. जड आहेत. नक्षी बरी आहे, ती घडवणाऱ्याचा काय दोष?

आता हुशार लोक यावर म्हणतात की ही नक्कल झाली. खालची जात वरच्या जातीसारखं नेसू-वागू लागते, त्याला १९५२ साली एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञांनी नावही दिलं, संस्कृतीकरण. आपल्यातलीही काही पोरं म्हणतात, बामणांच्या बायकांसारखं नेसायला सांगणं हा विद्रोह कसला? मी यावर रात्रपाळीला पुष्कळ विचार केला. नक्कल करणाऱ्याला काय पाहिजे असतं? आपल्याला बघून लोकांनी म्हणावं, हा अमका. महाडच्या बायांना ते नको होतं. लोकांनी आपल्याला बघून काहीच म्हणू नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मुखवटा चढवणं वेगळं आणि तोंडावरचं गोंदण खरवडणं वेगळं. त्यांनी स्पृश्यांची खूण घेतली नाही. त्यांनी खूण हीच गोष्ट निकामी केली. दोघी सारख्या नेसल्या की मग विटाळ कुणाचा धरशील, धर बघू.

तरी आजीनं मला एकदा गप्प केलं. मी तिला महाडचं भाषण समजावून सांगत होतो (तिला! जिच्या घरात ते गोठ होते). ती म्हणाली, "लावनीला चिखलात उतरताना मी वरच बांधते. खाली सोडून काय भात लावायचा? आगरनी पन वर बांधतात, कोलनी पन. बाजारात जाताना खाली सोडते. कंदी वर नि कंदी खाली ते मी बघीन."

मी बघीन. महाडच्या भाषणाचा यापेक्षा चांगला अर्थ मला कुणी सांगितलेला नाही. गुडघ्यावरचं लुगडं वाईट नाही. खाली सोडायची परवानगी नसणं वाईट. पेणच्या चिखलात सगळ्याच बाया वर बांधतात, पण एकीला घरी जाताना खाली सोडता येत होतं आणि दुसरीला येत नव्हतं.

हे कळलं आणि मला चीवर आठवलं. बुद्धाच्या भिक्षूंचं पहिलं वस्त्र कुठलं? पांसुकूल. उकिरड्यावरचं, धुळीतलं, स्मशानात टाकलेलं कापड उचलायचं, धुवायचं, शिवायचं, रंगवायचं आणि अंगावर घ्यायचं. म्हणजे मढ्यावरचंच! मनू चांडाळाला जे कापड देतो तेच बुद्धाचा भिक्षू स्वतः जाऊन उचलतो. कापड एक. स्मशान एक. पण एकाच्या अंगावर ते हुकूम म्हणून चढलं आणि दुसऱ्याच्या अंगावर त्यानं आपणहून चढवलं. शिवाय संघात राजाचा पोरगा आला तरी तेच, भंगी काम करणारा सुनीत आला तरी तेच. सगळ्यांना एक. रोमची सिनेट ज्याला घाबरली ते बुद्धानं केलं. मोजा म्हणाला.

विनयात अशी गोष्ट आहे की मगधातली शेतं बघून बुद्धानं आनंदाला विचारलं, ह्या बांधबंदिस्त शेतांसारखं चीवर शिवता येईल का? आनंदानं तुकडे कापून, जोडून तसं शिवलं. तुकड्यांचं कापड, म्हणून चोरालाही त्याचा मोह नाही. पेणच्या बाजूला पावसाळ्यात पाणी भरलेल्या खाचरांकडं एकदा उंचावरून बघा. बांध उभे, बांध आडवे. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते अंगावर पांघरलं. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांनी अख्खं शेत पांघरलं असं मला वाटतं, पण ही माझ्यातल्या कवीची खोड आहे, जाऊ द्या.

उपालीची गोष्ट मात्र जाऊ देऊ नका. तो शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला निघाले तेव्हा अंगावरचे सगळे दागिने काढून त्यांनी उपरण्यात बांधले आणि उपालीला दिले. घे, ह्यावर जगशील. उपाली ते घेऊन परत फिरला आणि वाटेत थांबला. त्याला भीती वाटली की शाक्य म्हणतील, ह्यानंच पोरांना पळवलं, नि मला मारतील. त्यानं गाठोडं झाडाला टांगलं, बघेल त्यानं न्यावं म्हणाला, आणि तोही बुद्धाकडं गेला. राजपुत्रांनीच सांगितलं, ह्याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला ह्याला नमस्कार करावा लागेल, आमचा शाक्यपणाचा ताठा जिरेल. मी ही गोष्ट वस्तीत सांगितली तेव्हा एका पोरानं विचारलं, दागिने त्यानं त्यागापोटी टांगले की भीतीपोटी? मला वाटतं दोन्ही. गरिबाच्या हातात दुसऱ्याचं सोनं आलं की ते सोनं राहत नाही, पुरावा होतो. उपालीला ते बरोबर कळलं.

गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत सदरा-टोपी सोडली आणि पंचा नेसला. बाबासाहेबांनी सूट सोडला नाही. यावरून अजून आपल्याला टोमणे खावे लागतात, तुमचा पुढारी साहेबी. अहो, पंचा तर आमच्याकडं होताच. तो सोडायची मोकळीक नव्हती. ज्याला घालायला कुणी अडवलं नाही त्यानं काढला तर लोक त्याग म्हणतात. आमच्या आज्यानं काढला असता तर त्याला त्याग कोण म्हणणार? आमच्या जिल्ह्यातल्याच महाडकडचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीत होते, पेन्शन घेऊन आले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. त्या काळी पलटण ही एकच जागा होती जिथं आपल्या माणसाच्या पायात बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कोट असे. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारनं महारांची भरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, बूटही गेले. बाबासाहेबांच्या सुटाकडं बघताना ते काढून घेतलेले बूट डोळ्यासमोर पाहिजेत. ते सुभेदाराचे पुत्र.

(आपल्यातल्या काही पुढाऱ्यांच्या गळ्यात आता बोटाएवढी सोन्याची चेन असते. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, ह्या वाक्याचा त्यांनी तेवढाच भाग पाठ केला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आमच्या वस्तीतली पोरं रंगकामाला जातात, प्लास्टरच्या गळ्यात सोनेरी रंगाचे हार काढतात, वर खडे चिकटवतात. ती त्या चेनवाल्यांना बघून खुदुखुदू हसतात. पुढचं त्यांना विचारा.)

कापडाचं अजून एक सांगायचं राहिलं. माझा पणजोबा मुंबईला गिरणीत होता, कापडाच्या. रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायला. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या थुंकीला लागलेला धागा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही. मालकाचा नियम नव्हता हा, कामगार बांधवांचा होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यासमोर ठेवला. म्हणजे सगळ्या देशाच्या अंगावरचं सूत आम्ही कातलं, पण त्याचं कापड होताना आम्ही दाराबाहेर. आजोबाही पुढं त्याच गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते पेणला परत आले ते आलेच. येताना ट्रंकेत गिरणीच्या कापडाचा एक तागा होता, हक्काचा, पगारातून पैसे कापून घेतलेला. आजीनं त्याचे सगळ्यांना कपडे शिवले. एकाच कापडाचे बाप, काका, आत्या. शाळेत पोरं चिडवायची, बँडवाले म्हणून. बाप ते सांगताना अजून हसतो. त्या कापडाची त्याला कधी लाज वाटली नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

मग शेठचा शर्ट आणि गिरणीतला तागा ह्यात फरक काय? इथवर आलो तेव्हा मला वाटलं, मिळालं उत्तर. पैसे कापून घेतलेलं ते आपलं, कृपेनं आलेलं ते त्याचं. कणीचं तसंच. १९६५ च्या कायद्यानं बोनस हा हक्क ठरवला, पुढं त्याचा किमान दर ८.३३ टक्के झाला. पण आमच्यासारख्या आठ-नऊ माणसांच्या गिरणीला तो लागत नाही, म्हणून शेठ दिवाळी देतो. हक्क देणाऱ्याला हसावं लागत नाही. दिवाळी देणारा हसतो, आणि आपल्यालाही हसायला लावतो. मी शर्ट टाकला ते बरोबर केलं, कणी घेतली ती चूक केली. बापाचं म्हणणं बरोबर. वही मिटली. झोपलो.

पण माघ संपता संपता काय झालं ते सांगतो. आमच्या रस्त्याला वीटभट्ट्या लागतात. कातकऱ्यांची कुटुंबं पावसाळ्यानंतर तिथं येऊन राहतात, उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत चिखल तुडवतात. एक माणूस रोज दिसायचा. अंगात बनियन, त्याला बनियन तरी कसं म्हणावं, भोकांना भोकं चिकटलेली. मी घरून माझा एक जुना शर्ट आणला. कॉलर जराशी झिजलेली. सायकल थांबवली आणि म्हटलं, "घे रे, घाल."

त्यानं शर्ट हातात घेतला. उलटासुलटा बघितला. मग मला विचारलं, "किती दिसांचा?"

मला कळलंच नाही. मग कळलं. किती दिवसांचं काम ह्याच्या बदल्यात. मी म्हटलं तसं नाही, फुकट. तो हसला, मला दाखवण्यापुरतं, आणि शर्ट विटांच्या थप्पीवर ठेवून पुन्हा चिखलात उतरला. त्याची बायको तिथंच होती, लुगडं गुडघ्याच्या वर. आमच्याबरोबर कामाला येणारा पोरगा मागं बसला होता, तो तिच्याकडं बघून काहीतरी बोलला आणि मी हसलो. हो, मीही हसलो. ज्याच्या पणजीनं गोठ उतरंडीत टाकले तो.

सायकल चालवत चौकापर्यंत मला बरं वाटत होतं. एवढं बरं मला कविता छापून आल्यावरही वाटलेलं नाही. मग एकदम ध्यानात आलं की हे जे बरं वाटतंय ना, तेच शेठला दर दिवाळीला वाटतं. पिशवी दिल्यावर त्याच्या तोंडावर असतं ते हेच. आणि तो माणूस माझ्यापेक्षा वयानं निदान दहा वर्षांनी मोठा होता, मी त्याला घे रे म्हणालो.

त्या माणसाची उचल किती आहे, भट्टीवाला हजार विटांना काय दर लावतो, हे मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं. शर्ट द्यायला सोपा होता. आता जाता-येता मी थांबतो. शर्टाचं दोघंही काही काढत नाही. पहिल्या वेळी तो बोलला नाही, दुसऱ्या वेळी तंबाखू मागितली, तिसऱ्या वेळी हिशेबाचं बोलला. हिशेब त्याच्याकडं नाही, भट्टीवाल्याच्या वहीत आहे. एवढ्यावर सध्या आहे. वस्तीतले म्हणतात, तुला कातकऱ्यांशी काय करायचंय? हे म्हणणाऱ्यांची शर्टं पांढरी असतात, इस्त्रीची, छातीला निळा बिल्ला.

गिरणीत आम्ही एक कागद केलाय. कणी नको, कपडा नको, एका महिन्याचा पगार द्या. सात सह्या झाल्या. आगरी आहे, कुणबी आहे, बिहारवाल्यानं हिंदीत केली. एक सही राहिली आहे, बापाची. शर्ट तो अजून घालतो. खिशावरचं कंपनीचं नाव आईनं सुईनं उसवून काढलं, तिथं बारीक भोकांची रांग राहिली आहे, उन्हात गेला की दिसते. काल रात्री कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं वाचला, चष्मा काढला.

"करतो सही," तो म्हणाला. "आदी सांग, मागली पाच किलो कनी कंदी परत करतोस?"

आईनं डब्यात बघितलं. अर्धा किलो उरली होती.